भूकंपानंतर राबणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी कशी घ्यावी?

मराठवाड्यातील एका तालुक्यात महसूल खात्यात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. हिंगोली-नांदेड परिसरात २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये भूकंपाचे धक्के बसल्यानंतर तालुक्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नव्याने तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या आराखड्यात जेसीबी, रुग्णवाहिका, तंबू, जनरेटर यांच्या तपशीलवार याद्या आहेत. कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मात्र ‘आवश्यकतेनुसार समुपदेशन करावे’ एवढी एकच ओळ आहे. त्या ओळीच्या जागी काय लिहावे, हा पहिला प्रश्न. दुसरा त्यांच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांविषयी आहे. हे गृहस्थ १९९३ साली नुकतेच नोकरीला लागले होते आणि किल्लारीच्या भूकंपानंतर त्या परिसरात त्यांनी महिनोन्‌महिने काम केले. जुलैच्या धक्क्यानंतर ते रात्री घराबाहेर ओट्यावर झोपतात, पावसाची झड लागली की बेचैन होतात आणि कार्यालयात दाराजवळची खुर्ची सोडत नाहीत. इतक्या वर्षांनी असे होऊ शकते का, आणि याला आजार म्हणायचे का?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये शिकाऊ डॉक्टर म्हणून एका वैद्यकीय पथकाबरोबर मी त्या भागात गेलो आणि त्यानंतर काही वर्षे नियमित जात राहिलो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात आधीच देतो, म्हणजे त्या गृहस्थांची काळजी करणाऱ्यांचा जीव थोडा खाली पडेल: होय, एवढ्या वर्षांनी असे होऊ शकते, ते अनेकांना होते आणि त्यावर उपचार आहेत. सविस्तर शेवटी लिहितो, कारण आराखड्याचा विचार आधी केला तर त्यांच्या मनात काय साठून राहिले असेल ते आपोआप समजेल.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावे उशिरा झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, म्हणजे सपाट छप्पर, अशी तिथल्या घरांची रचना होती. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, आणि एवढ्या धक्क्याने ती माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव अशी गावे जमीनदोस्त झाली आणि पुढे ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. बचावकार्य सुरू असतानाच पाऊस लागला. ढिगाऱ्यातली माती चिखल झाली, आणि त्या चिखलात माणसे हातांनी उकरत होती.

बाहेरून लष्कर आले, राखीव पोलीस आले, देशभरातून स्वयंसेवक आले आणि आपापले काम करून परतले. मात्र तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, वायरमन, एसटीचे चालक-वाहक ही माणसे तिथलीच होती. त्यांतील अनेकांची स्वतःची घरे पडली होती आणि स्वतःची माणसे गेली होती. एकाच माणसाकडे तीन भूमिका आल्या होत्या: तोच आपत्तीग्रस्त, तोच मदत वाटणारा, आणि मदत कमी पडली की लोकांच्या रोषाचा धनीही तोच. मानसिक आरोग्याचा आराखडा करताना डोळ्यांसमोर सर्वांत आधी हा माणूस ठेवावा.

एका तलाठ्याचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताडपत्रीच्या आडोशाला एका ओल्या टेबलावर बसून ते मयतांची यादी करत होते. तीन प्रती निघाव्यात म्हणून कार्बन घातलेला, कागद दमट झालेले, आणि समोर रांगेत उभे असलेले लोक एकेक नाव सांगत होते. त्या यादीत एका ओळीवर त्यांच्या सख्ख्या पुतण्याचे नाव आले. त्यांनी नाव लिहिले, वय लिहिले, कारणाच्या रकान्यात ‘घर कोसळून’ असे लिहिले आणि पुढच्या माणसाला ‘बोला’ म्हणाले. त्या दिवशी ज्यांनी हे पाहिले त्या सर्वांनी त्यांच्या खंबीरपणाचे कौतुक केले. मीही केले. सात-आठ महिन्यांनी तेच गृहस्थ उजव्या हाताला कंप सुटतो म्हणून आमच्याकडे आले. मेंदू आणि नसांच्या तपासण्या झाल्या, कशातही दोष सापडला नाही. चहाचा कप धरताना हात स्थिर असे, बैलाची वेसण धरताना स्थिर असे. कोणतीही यादी लिहायला घेतली की कंप सुरू होई. ते म्हणाले, “लिहायचं म्हटलं की हात माझा राहत नाही, साहेब.” नोकरी लिहिण्याची, त्यामुळे त्यांच्यावर कामचुकारपणाचा ठपका आला होता आणि खुलासा मागवणारे पत्र त्यांच्या खिशातच होते. या सात-आठ महिन्यांत त्यांना एकदाही सलग चार दिवसांची रजा मिळालेली नव्हती. पुतण्याच्या तेराव्यालाही ते जाऊ शकले नव्हते.

या उदाहरणात माझे सगळे म्हणणे आले आहे. मृत्यू पाहिल्याने मन हादरतेच, पण ते बहुतेकांचे हळूहळू सावरते. सावरू न देणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात: विश्रांती नसणे, शोक करायला मोकळीक नसणे, लोकांची बोलणी, वरिष्ठांचा अविश्वास आणि डोक्यावर छप्पर नसणे. यांतील बहुतेक गोष्टी कार्यालयाच्या हातात असतात. म्हणून कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी समुपदेशकाच्या खोलीत सुरू होत नाही. ती कामाच्या पाळ्यांच्या तक्त्यात, रजेच्या अर्जावर आणि साहेबांच्या तोंडी भाषेत सुरू होते. आराखड्यातील ती एक ओळ अपुरी तर आहेच, शिवाय ती चुकीच्या पानावर आहे. ती मनुष्यबळाच्या पानावर हवी.

किल्लारीच्या भूकंपाने तिथल्या लोकांच्या आरोग्यावर आणि विशेषतः मनावर काय परिणाम केले, याचा अनेक वर्षांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली झाला. कर्मचाऱ्यांविषयी मी इथे जे लिहीत आहे ते मात्र माझ्या बाह्यरुग्ण विभागातील आणि गावफेऱ्यांतील अनुभवावरून, आणि इतर देशांतील कामगारांविषयी जे भक्कमपणे ठाऊक आहे त्याच्या आधारे.

पहिल्या काही दिवसांत जे होते ते आजार नसते, हे प्रत्येक कार्यालयप्रमुखाला माहीत असायला हवे. डोळ्याला डोळा लागत नाही, दार आपटले तरी छातीत धस्स होते, जेवण घशाखाली उतरत नाही, एकच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते, साधी बेरीज चुकते. जमीन स्थिर असताना ती हलल्यासारखी वाटते. आपल्याकडे जशी काहींना गाडी लागते तसा जपानमध्ये भूकंप ‘लागतो’ आणि त्याला ‘जिशिन-योई’ असे नावच आहे. किल्लारीत लोक पेल्यात पाणी भरून उशाशी ठेवत आणि पाणी हलते का ते पाहत. हे सारे बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत ओसरते. त्या काळात ‘तुला मानसिक आजार झाला’ असे कुणालाही सांगू नये आणि ‘मन घट्ट कर’ असेही सांगू नये. तुमच्या जागी मी असतो तर मलाही असेच झाले असते, एवढे वाक्य पुरते आणि ते खरे असते.

कर्मचाऱ्यांना सर्वांत जास्त काय लागते, या प्रश्नावर माझा अंदाज सुरुवातीला चुकला होता. मला वाटे की मृतदेह हाताळणे हाच सर्वांत मोठा घाव असणार. तो मोठा असतोच. पण वर्षभरानंतर माझ्यासमोर बसून माणसे ज्याविषयी बोलत, ते बहुधा दुसरेच काही असे. कोणत्या घराचा ढिगारा आधी उपसायचा हा निर्णय आपण घेतला आणि तो चुकला, हे एक. आणि ज्या लोकांसाठी राबलो त्यांनीच चोर म्हटले, हे दुसरे. पंचनाम्यात घराच्या नुकसानीची वर्गवारी करायची असते. शेजारच्या घराला जास्त मदत आणि आपल्याला कमी असे झाले की राग त्या नोंदी करणाऱ्या कनिष्ठ माणसावर निघतो. त्याने नियम केलेले नसतात, पण गावात चेहरा त्याचाच असतो. एका शाखा अभियंत्याने मला सांगितले होते की ढिगाऱ्यातून काढलेली माणसे त्याला आता स्वप्नात दिसत नाहीत, पण पारावरून त्याच्या आईचा उद्धार करणारा आवाज रोज ऐकू येतो.

जपानमधील अनुभव याच दिशेने जातो. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहराला भूकंप झाला. ६,४३४ माणसे त्यात गेली. जमिनीखालच्या जलवाहिन्या फुटल्यामुळे अग्निशमनाच्या नळांना पाणी नव्हते, शहरात ठिकठिकाणी आगी लागल्या होत्या आणि नागरिक जवानांना ‘पाणी मारा’ म्हणून विनवत होते, त्यांच्यावर ओरडत होते. साधन नसताना कर्तव्यावर उभे राहण्याची ही शिक्षा अंगावर भाजलेल्या जखमेपेक्षा उशिरा भरते. पुढे ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या दोन अणुवीज प्रकल्पांतील १,४९५ कामगारांची पाहणी दोन-तीन महिन्यांनी झाली. दाइइची प्रकल्पात, म्हणजे जिथे प्रत्यक्ष अणुदुर्घटना घडली तिथे, ४७ टक्के कामगारांमध्ये लक्षणीय मानसिक त्रास आढळला. शेजारच्या दाइनी प्रकल्पात हे प्रमाण ३७ टक्के होते. यातले बरेच कामगार स्वतः त्सुनामीत घर गमावलेले होते. ज्यांना वीज कंपनीचा माणूस म्हणून समाजाकडून अपमान आणि भेदभाव सोसावा लागला, त्यांच्यात हा त्रास ठळकपणे जास्त होता. प्रकल्प वाचवायला जे आत थांबले, त्यांनाच बाहेर आल्यावर तोंड लपवावे लागले. आपल्या तलाठ्याची आणि फुकुशिमाच्या त्या कामगाराची भेट झाली असती तर भाषा कळली नसती, पण त्यांना एकमेकांचे दुःख समजायला दुभाष्या लागला नसता.

आता आराखड्यात काय लिहावे ते सांगतो. पहिली नोंद ‘कर्मचाऱ्यांच्या घरची खबर’ या मथळ्याखाली असावी. धक्का बसल्यानंतर पहिल्या काही तासांत प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी काय परिस्थिती आहे हे विचारून लिहून घेण्याची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर टाकावी. ज्यांच्या घरात मृत्यू झाला आहे, कुणी बेपत्ता आहे किंवा घर पडले आहे त्यांना मोकळे करावे, आणि ते मोकळे होणे त्यांच्या विनंतीवर अवलंबून ठेवू नये. अशा वेळी माणूस लाजेने रजा मागत नाही आणि मागाहून आयुष्यभर स्वतःला दोष देतो. त्यांतील काही जण स्वतःहून काम करू म्हणतील. काम हाही आधार असतो, तो हिरावून घेऊ नये, पण त्यांना स्वतःच्या गावाच्या मयतांच्या यादीवर बसवू नये.

हे शक्य व्हायचे तर बदली माणसे हवीत, आणि ती ऐनवेळी सुचत नाहीत. म्हणून दूरच्या एका तालुक्याशी आधीच जोडी ठरवून ठेवावी. आपल्याकडे भूकंप झाला तर तिकडचे अमुक तलाठी, अमुक ग्रामसेवक, अमुक परिचारिका दुसऱ्या दिवशी इकडे येतील, आणि तिकडे झाला तर आपले जातील, अशी नावानिशी यादी. आपले रुग्णालय आणि आपली माणसे शाबूत असतील हे गृहीत धरून केलेला आराखडा पहिल्याच तासात निकामी होऊ शकतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचे शासकीय रुग्णालयच कोसळले, आणि जे डॉक्टर-परिचारिका वाचले त्यांना ज्युबिली मैदानात उघड्यावर जखमींवर उपचार करावे लागले. त्या लोकांना दुसऱ्या दिवशी कोण सुट्टी देणार होते?

पाळ्यांविषयी नियम कडक ठेवावा. सलग बारा तासांपेक्षा जास्त काम कुणालाही देऊ नये आणि पाच-सहा दिवसांनी एक पूर्ण दिवस विश्रांती सक्तीची असावी. ती सक्ती साहेबांनाही लागू असावी, नाहीतर हाताखालचा माणूस झोपायला जाताना चोरट्यासारखा जातो. मृतदेह काढण्याचे आणि हलवण्याचे काम एकट्याला देऊ नये. अनुभवी आणि नवखा अशी जोडी असावी आणि दर दोन-तीन तासांनी माणसे बदलावीत. या कामातला सर्वांत नाजूक भाग ओळख पटवण्याचा असतो. अनोळखी देह उचलणे माणसाला एक वेळ जमते, पण त्याच्या खिशातली बसची तिकिटे, मनगटावरचा गणपतीचा लाल दोरा किंवा शाळेच्या वहीवरचे नाव वाचले की तो देह कुणाचा तरी होतो आणि वाचणाऱ्याच्या मनात घर करतो. म्हणून वस्तूंची नोंद करण्याचे काम उचलणाऱ्यांकडे देऊ नये, ते वेगळ्या दोघांकडे थोडा थोडा वेळ द्यावे, आणि ज्यांच्या घरी त्याच वयाचे मूल आहे त्यांना लहान मुलांच्या बाबतीत शक्यतो बाजूला ठेवावे. काम संपल्यावर आंघोळीला गरम पाणी, बदलायला कपडे आणि बसून घेतलेला चहा, एवढे झाल्यावरच घरी पाठवावे. या गोष्टी किरकोळ दिसतात, पण औषधाच्या चिठ्ठीइतक्याच गंभीरपणे मी त्या सांगत आहे.

एका गटाविषयी मला विशेष कळकळीने लिहायचे आहे, कारण तो दर वेळी सुटतो. सफाई कामगार, शवागारातील मदतनीस, जेसीबीचा चालक, ट्रॅक्टरवाला, होमगार्ड, कंत्राटी वाहनचालक, आशा सेविका. ढिगाऱ्यात सर्वांत आधी हात घालणारी ही माणसे बहुधा आस्थापनेच्या हजेरीपटावर नसतात. जेसीबीच्या चालकाला आपल्या खोऱ्याखाली काय येईल याची भीती क्षणोक्षणी असते. त्याला कुणी वाहवा देत नाही आणि पंधरा दिवसांनी तो दुसऱ्या कामावर निघून जातो. तीन महिन्यांनी त्याला झोप लागत नसेल तर ते कळणार कुणाला? म्हणून पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवावी: नाव, गाव, भ्रमणध्वनी, कोणते काम किती दिवस केले. पुढचा सगळा पाठपुरावा त्या वहीवर उभा राहतो. मजुरी वेळेवर देणे हाही मानसिक आरोग्याचाच भाग आहे; देह उचलल्याच्या मजुरीसाठी तीन हेलपाटे घालावे लागले की माणसाच्या मनात त्या कामाविषयी जी अढी बसते ती काढणे कठीण असते.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत दोन साध्या गोष्टी आधी बघाव्यात: रात्री सुरक्षितपणे झोपायची जागा आणि स्वच्छतागृह. त्या नसताना समुपदेशनाची गोष्ट करणे निरर्थक आहे. अंगणवाडी सेविकेचे दुःख मात्र वेगळ्या जातीचे असते. तिच्या हजेरीच्या वहीत मुलांची नावे तिच्याच हाताने लिहिलेली असतात. किल्लारीजवळच्या एका गावातील सेविकेने गेलेल्या मुलांच्या नावांवर काट मारायला नकार दिला आणि नवी वही मागितली. पर्यवेक्षिकेने नियमाकडे बोट न दाखवता नवी वही दिली. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आता काय करू नये ते. धक्क्यानंतर दोन-चार दिवसांत सगळ्यांना एका खोलीत बसवून ‘काय काय पाहिलं ते एकेकाने सांगा’ असे बोलायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा विकार टळत नाही आणि काहींना उलट अपाय होऊ शकतो, हे अभ्यासांतून पुढे आले आहे. ज्याला बोलायचे आहे त्याला शांतपणे ऐकावे, ज्याला गप्प राहायचे आहे त्याला गप्प राहू द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली तिचा गाभा एवढाच आहे की परिस्थिती पाहा, माणसाचे ऐका आणि त्याला हव्या त्या मदतीशी जोडून द्या. हे काम शिकलेला शिक्षक, पर्यवेक्षिका किंवा नायब तहसीलदारही करू शकतो, आणि त्याचे एका दिवसाचे प्रशिक्षण आराखड्यात बसवता येते. दुसरे, झोपेच्या गोळ्या वाटू नयेत. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात शामक गोळ्या देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. त्या मन सावरण्याची वाट अडवतात आणि सवय लावतात. मदतीच्या पेट्यांतून आलेल्या अशा गोळ्या हातोहात वाटल्या गेल्याचे मी पाहिले आहे, आणि पुढे त्या सुटण्यासाठी महिने घालवलेले रुग्णही पाहिले आहेत. तिसरे, लोकांसमोर कर्मचाऱ्याला निलंबनाची धमकी देऊ नये. मंत्री दौऱ्यावर येतात, लोक तक्रार करतात आणि त्या क्षणी वरिष्ठाला कठोर दिसण्याचा मोह होतो. चौकशी जरूर करावी, पण नंतर आणि बंद दाराआड. त्या ठिकाणी वरिष्ठाने ‘हा माणूस माझ्या आदेशाने काम करतो आहे, तक्रार माझ्याकडे द्या’ एवढे म्हटले तर त्याचा उपयोग कोणत्याही उपचाराइतका होतो.

यानंतरचा काळ जास्त महत्त्वाचा आहे आणि तोच आराखड्यांत नसतो. साधारण तिसऱ्या महिन्यापासून स्वयंसेवक परततात, वर्तमानपत्रांची पाने बदलतात आणि कर्मचारी एकटा उरतो. तेव्हा लक्ष ठेवायला मोठ्या प्रश्नावल्या लागत नाहीत. कार्यालयातच सर्व खुणा असतात. अचानक वाढलेल्या किरकोळ रजा, दुचाकीचे अपघात, डोकेदुखी आणि पाठदुखीची वारंवार येणारी बिले, संध्याकाळी सुरू झालेला आणि मग सकाळीही येऊ लागलेला दारूचा वास, नेहमी शांत असलेल्या माणसाची आदळआपट, आणि बदलीचा अर्ज. बदलीच्या अर्जाकडे मी नेहमी एका लक्षणासारखे पाहतो. तो सरसकट फेटाळू नये आणि सरसकट मंजूरही करू नये. अर्जदाराला समोर बसवून, कुठे जायचे आहे यापेक्षा इथे काय नको झाले आहे, ते विचारावे. महिना उलटूनही झोप, काम आणि घरचा संवाद बिघडलेलाच असेल, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा तोंडी आली, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक जिल्हा रुग्णालयात असते, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येते.

कर्मचारी उपचाराला न येण्याचे मुख्य कारण भीती असते: गोपनीय अहवालात शेरा येईल, बढती अडेल. म्हणून आराखड्यात दोन कायद्यांचा उल्लेख करावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा रुग्णाला हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला त्या कारणाने कामावरून काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही, आणि गंभीर मानसिक आजाराचा समावेश त्या कायद्यात आहे. हे परिपत्रक भूकंपानंतर काढण्यापेक्षा आजच काढून ठेवावे.

आता तुमच्या सहकाऱ्यांविषयी. जुलैच्या धक्क्यानंतर काही रात्री बाहेर झोपणे यात गैर काही नाही. घर दगडमातीचे असेल तर ती सावधगिरीच आहे. प्रश्न असा विचारावा की बाहेर झोपल्यावर त्यांना झोप लागते का. लागत असेल आणि दिवस नीट जात असेल तर घाई नको. लागत नसेल, पावसाच्या आवाजाने छाती धडधडत असेल, जुने प्रसंग आठवत नसून पुन्हा घडत असल्यासारखे वाटत असतील आणि हे महिन्याहून अधिक काळ चालले असेल, तर तो आघातानंतरचा तणाव विकार (पीटीएसडी) असू शकतो. इतकी वर्षे तो कुठे होता, असे तुम्ही विचाराल. माझ्या अनुभवात अशी माणसे कामात स्वतःला गाडून घेतात आणि त्रास दाबून ठेवतात. मग निवृत्ती जवळ येते, मुले दूर जातात, त्यात एखादा लहानसा धक्का बसतो आणि शरीराला १९९३ ची पहाट पुन्हा आठवते. पावसाचे कारण तर उघड आहे. त्या दिवसांत पाऊस म्हणजे ढिगाऱ्याखालच्या माणसाचा वेळ संपत चालल्याची खूण होती.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची खास आहे. त्यांच्या दुःखाला वर्षातून दोन वर्षश्राद्धे असतात: एक तिथीचे आणि एक तारखेचे. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली आणि ३० सप्टेंबर त्यानंतर चोवीस दिवसांनी. विसर्जनाच्या ढोलापासून तारीख उलटेपर्यंतचा हा पट्टा किल्लारी पाहिलेल्या अनेकांना जड जातो, आणि आपले नेमके याच दिवसांत का बिनसते हे त्यांचे त्यांनाही कळत नाही. कॅलेंडरवर हे दोन दिवस त्यांना दाखवून दिले की निम्मी भीती कमी झाल्याचे मी पाहिले आहे. त्या आठवड्यांत त्यांना रात्रपाळी आणि विसर्जन बंदोबस्ताचे काम देऊ नये.

उपचार लांबलचक नसतात. आघातकेंद्री मानसोपचाराच्या, म्हणजे त्या आठवणींवर तज्ज्ञाबरोबर बोलून काम करण्याच्या, साधारण आठ-बारा भेटी, गरज पडल्यास नैराश्यावर दिली जाणारी औषधे, आणि घरच्यांना समजावून सांगणे, एवढ्याने बहुतेकांना मोठा आराम पडतो. वय आड येत नाही. मी वर उल्लेखिलेल्या तलाठ्यांना मात्र जास्त वेळ लागला; दीड वर्षाच्या उपचारांनंतर ते पुन्हा लिहू लागले. त्यांनी पहिली यादी लिहिली ती नव्या गावठाणात घराची किल्ली मिळालेल्या कुटुंबांची होती, आणि ते काम त्यांना द्यावे हे त्यांच्या मंडळ अधिकाऱ्यांना सुचले होते, मला नव्हे.

सहकाऱ्यांशी बोलताना ‘तुम्ही डॉक्टरकडे जा’ यापासून सुरुवात करू नका. आराखड्याचे काम तुमच्याकडे आलेच आहे, तर कर्मचाऱ्यांविषयीचे हे पान त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, “दादा, तेव्हा तुम्हाला काय मिळायला हवं होतं?” त्यांनी टाळले तर विषय तिथेच सोडा, दुसऱ्या दिवशी चहाला बसा. ते बोलू लागले तर मध्ये तोडू नका, लिहून घ्या, आणि मग १४४१६ हा क्रमांक त्यांच्यासमोर स्वतः लावून द्या. दाराजवळची खुर्ची त्यांची त्यांच्याकडेच राहू द्या.